गोलोद नावाचं गाव : बाल्टिमोरच्या एका युद्धखेळाची गोष्ट

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत केलेला किल्ला आठवतोय का? दगड-विटा रचायच्या, त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, वरून चिखल लिंपायचा आणि हळीव नाहीतर मोहरी पेरायची. बाजारातून रंगीत मातीचे मावळे आणायचे. मग भांडण सुरू व्हायचं. तोफ कुठे ठेवायची, दरवाजा कोणत्या बाजूला काढायचा, शत्रू खिंडीतून आला तर वरून दिसेल का? आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वयात आपण जे करत होतो त्याला युद्धशास्त्रात ‘भूप्रदेशाचा विचार’ म्हणतात.

आपली इथे वाढलेली मुलं हा लेख वाचत असतील, किंवा आई-बाबा त्यांना वाचून दाखवत असतील, तर त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या या बाल्टिमोर शहराचाही असाच एक किल्ला आहे. तो मातीचा नसून पुठ्ठ्याचा आहे. १९७० साली तो इथल्या एका कंपनीने खोक्यात घालून विकायला काढला. त्याचं नाव ‘पॅन्झरब्लिट्झ’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांच्यात झालेल्या रणगाड्यांच्या लढायांचा हा पटावरचा खेळ.

माझ्याकडे हे खोकं १९९१ साली आलं. एका शनिवारी गराज सेलमध्ये पुस्तकांच्या ढिगात ते पुस्तकासारखंच उभं ठेवलेलं होतं. दोन डॉलर दिले आणि घरी आणलं. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या बेसमेंटमधल्या टेबलावर ते युद्ध चालू होतं. आज तुम्हाला सांगायची आहे ती या खेळाची गोष्ट, आणि त्या पटावर उघड छापलेली पण आम्हाला वाचता न आलेली एक गोष्ट.

हत्ती, घोडा आणि लेफ्टनंट

सुरुवात आपल्याकडूनच करावी लागते. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं, हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. त्यांचा पटावरचा खेळ भारतातून इराणला गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. युरोपात रथाचा बुरूज झाला, वजिराची राणी झाली. मराठी बुद्धिबळात मात्र हत्ती, उंट आणि घोडा अजून फौजेतच आहेत.

बुद्धिबळ सुंदर आहे, पण त्यातून लढाई समजत नाही. पट सपाट असतो, नदी नाही, टेकडी नाही, पाऊस नाही. ही अडचण जर्मन मुलखातल्या काही लोकांना जाणवली. १७८० साली हेलविग नावाच्या प्राध्यापकाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर डोंगर, दलदल आणि नद्या आणल्या. १८२४ साली राइसविट्झ या प्रशियन लेफ्टनंटने त्याच्याही पुढे जाऊन चौकोनच काढून टाकले. खरा लष्करी नकाशा अंथरला, तुकड्यांच्या जागी लहान ठोकळे ठेवले, फासे घेतले आणि निकाल द्यायला एक पंच बसवला. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्धखेळ, हा शब्द तिथला.

त्यानंतर बराच काळ हा खेळ सेनापतींच्या दिवाणखान्यातच राहिला. १९१३ साली विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांनी घरच्या जमिनीवर खेळायच्या लढायांचं पुस्तक लिहिलं. पण दुकानातून एक खोकं आणावं, दोघांनी टेबलावर मांडावं आणि संध्याकाळभर खेळावं, ही सोय झाली ती आपल्या मेरीलँडमध्ये.

पटॅप्स्कोकाठचा तरुण

पटॅप्स्को व्हॅली पार्कात तुमच्यापैकी बहुतेकजण सहलीला गेले असतील. त्या पार्कातल्या एका भागाला एव्हलॉन म्हणतात. त्या परिसरात राहणारा चार्ल्स रॉबर्ट्स हा तरुण १९५२ साली सैन्यात अधिकारी म्हणून रुजू होण्याची वाट बघत होता. लढाईतल्या निर्णयांचा सराव व्हावा म्हणून त्याने स्वतःसाठी एक खेळ तयार केला. १९५४ पासून तो ‘टॅक्टिक्स’ नावाने टपालाने विकायला लागला. चार वर्षांत जेमतेम दोन हजार प्रती गेल्या, पण उत्साह वाढला. १९५८ साली ‘एव्हलॉन हिल’ कंपनी उभी राहिली आणि गेटिसबर्गच्या लढाईवरचा खेळ बाजारात आला. खऱ्या, इतिहासात झालेल्या लढाईवर सामान्य ग्राहकासाठी काढलेला हा पहिल्या खेळांपैकी एक.

रॉबर्ट्सने केलेली एक सुधारणा लक्षात ठेवण्यासारखी आहे. चौकोनी घरांच्या पटावर सरळ एक घर चाललं तर जितकं अंतर होतं, त्याच्या जवळजवळ दीडपट तिरक्या घरात होतं. सैन्याला तिरकं चालण्याचं बक्षीस का मिळावं? १९६१ च्या ‘गेटिसबर्ग’मध्ये त्याने चौकोनांऐवजी षटकोन छापले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. सहाही बाजूंना अंतर सारखं. त्याने ही युक्ती रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या कामात पाहिली होती. तेव्हापासून षटकोन ही या खेळांची ओळख झाली.

धंदा मात्र रॉबर्ट्सला साधला नाही. १९६३ अखेर कर्ज वाढलं आणि कंपनी देणेकऱ्यांकडे गेली. त्यांच्यात मोनार्क ही बाल्टिमोरची छपाई कंपनी होती. तिने कंपनी बंद न करता चालू ठेवली. पुढे अनेक वर्षं हारफर्ड रोडवरच्या कचेरीतून हे खेळ देशभर जात राहिले. रॉबर्ट्सने नंतर रेल्वेच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली.

तीन पट्ट्या, सहा मिनिटं

१९७० साल. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. मे महिन्यात ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. त्याच वर्षी जेम्स डनिगन या न्यूयॉर्कच्या तरुणाने रचलेला ‘पॅन्झरब्लिट्झ’ बाहेर पडला. डनिगन स्वतः सैन्यात नोकरी करून आलेला आणि कोलंबिया विद्यापीठात इतिहास शिकलेला. १९६८ साली त्या विद्यापीठात झालेल्या विद्यार्थी आंदोलनावरसुद्धा त्याने एक खेळ करून विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात छापला होता. म्हणजे युद्धाची हौस असलेला माणूस, एवढ्यावर त्याची बोळवण करता येत नाही. एखादी घटना तशीच का घडली, हे खेळून बघता येईल का, असं त्याचं कुतूहल होतं. खेळाची मांडणी आणि चित्रं रेडमंड सायमनसन याची.

तोपर्यंतचे खेळ सेनापतीच्या उंचीवरून खेळले जात. एक सोंगटी म्हणजे हजारो माणसं, एक पाळी म्हणजे काही दिवस किंवा महिना. ‘पॅन्झरब्लिट्झ’ने दुर्बीण खाली जमिनीवर आणली. एक षटकोन म्हणजे २५० मीटर. एक पाळी म्हणजे सहा मिनिटं. एक सोंगटी म्हणजे चार-पाच रणगाड्यांची तुकडी, किंवा दहाएक रणगाड्यांची कंपनी. सोंगटीवर रणगाड्याची बाजूने दिसणारी आकृती आणि चार कोपऱ्यांत चार आकडे, मारा किती, पल्ला किती, बचाव किती, चाल किती. बाजूला एक अक्षर, म्हणजे तोफ चिलखत फोडणारी की माणसं मारणारी. हल्ल्याची बेरीज आणि बचावाचा आकडा यांचं गुणोत्तर काढायचं, फासा टाकायचा, तक्त्यात निकाल बघायचा. माझ्या मुलाला गुणोत्तर शाळेत शिकायच्या आधीच आलं, ते या तक्त्यामुळे.

पटाची गंमत वेगळीच. तीन लांबट पट्ट्या. त्या कशाही जोडा, आडव्या, उभ्या, उलट्या, रस्ता रस्त्याला आणि शेत शेताला मिळायचंच. खोक्यात बारा प्रसंगांची बारा कार्डं होती, आणि ती संपली तर सोंगट्या घेऊन आपला प्रसंग आपणच रचायची मुभा. म्हणजे पटावरचा मुलूख रशियातली कुठलीच खरी जागा नव्हती. टेकड्या, नाले, जंगलं आणि काही गावं मिळून केलेला एक नमुन्याचा रशिया होता. गावांना नावं होती. ती आम्ही वाचली, उच्चारायला अवघड म्हणून हसलो आणि पुढे गेलो.

झाडीतून झाडीत

या खेळात एक प्रसिद्ध खोट होती, आणि मला वाटतं तिच्यातून मुलगा सर्वांत जास्त शिकला.

नियम असा की जंगलात किंवा गावात दडलेल्या शत्रूवर गोळीबार करायचा तर आपली एखादी सोंगटी त्याला खेटून उभी हवी, नाहीतर तो दिसत नाही. नियम चांगला आहे. पण दुसरा नियम असा की गोळीबार फक्त आपल्या पाळीत करायचा. दोन्ही एकत्र केले की काय होतं? शत्रूचा ट्रक एका जंगलातून निघतो, तुमच्या दहा रणगाड्यांच्या नाकासमोरून उघड्या माळावरून धावत जातो आणि दुसऱ्या जंगलात शिरतो. तुमची पाळी येते तेव्हा तो दिसतच नाही! खेळाडूंनी या प्रकाराला थट्टेने ‘पॅन्झरबुश’ म्हणजे ‘झुडपातलं युद्ध’ असं नाव ठेवलं.

मुलाने हे दोन डावांत शोधून काढलं आणि मला रडवलं. मी म्हटलं, “अरे, खऱ्या लढाईत असं चालेल का?” तो म्हणाला, “बाबा, नियमात चालतं ना!” मग आम्ही बसून आपला नियम केला, शत्रू उघड्यावरून जात असताना थांबून राहिलेल्याला मध्येच गोळी झाडता येईल. काही महिन्यांनी कळलं की १९७४ साली याच कंपनीने काढलेल्या ‘पॅन्झर लीडर’ या पश्चिम आघाडीवरच्या खेळात नेमका हाच नियम घातलेला आहे. मुलगा आठवडाभर हवेत होता.

यातून हाताला लागलं ते एवढंच, की प्रत्येक खेळ हे कुणीतरी केलेलं इतिहासाचं वाचन असतं. ते वाचन चुकू शकतं आणि ते तपासायचा अधिकार दहा वर्षांच्या मुलालाही असतो.

कुणाच्या डोळ्यांनी?

आता जरा अवघड भागाकडे वळू या.

सोंगट्या मांडताना एक फरक लगेच दिसतो. जर्मन सोंगट्या बहुतेक लहान तुकड्यांच्या आहेत. सोव्हिएत सोंगट्या बहुतेक अख्ख्या कंपन्यांच्या. म्हणजे जर्मन खेळाडू आपले रणगाडे बोटांसारखे सुटे वापरू शकतो, रशियन खेळाडूला मूठ वापरावी लागते. याला आधार आहे. १९४१ साली सोव्हिएत तुकड्यांमध्ये बहुधा फक्त प्रमुखाच्या रणगाड्यात संदेश पाठवणारा रेडिओ असे. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून चालायचं.

पण तेवढंच खरं नव्हतं. टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा त्याच वर्षी समोर आला तेव्हा जर्मनांना धक्का बसला होता. युद्धकाळात असे पन्नास हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले. ज्याच्या नावाचा इतका दबदबा, त्या जर्मन ‘टायगर’ची पहिली जात साधारण १३५० इतकीच बनली. आणि चिलखती म्हणून गाजलेलं जर्मन सैन्य जून १९४१ मध्ये रशियात शिरलं तेव्हा त्याच्यासोबत सहा लाखांहून अधिक घोडे होते. ‘पॅन्झरब्लिट्झ’च्या खोक्यातही घोडागाड्यांच्या सोंगट्या आहेत, सोव्हिएत घोडदळाच्याही आहेत. चतुरंगातला घोडा १९४० च्या दशकातही निवृत्त झाला नव्हता. पण त्या सोंगट्या कुणाला हव्या असायच्या? आमच्या घरी दोघांनाही टायगरच हवा असायचा.

का हवा असायचा, याला एक इतिहास आहे. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने आपल्या इतिहास विभागात शेकडो माजी जर्मन अधिकाऱ्यांकडून अहवाल लिहून घेतले. शीतयुद्ध सुरू होतं. रशियाशी लढलेल्या माणसांचा अनुभव हवा होता. त्या कामाचा प्रमुख होता फ्रान्झ हाल्डर, हिटलरच्या काळातला भूदलाचा प्रमुख नियोजक. १९५० च्या दशकात गुडेरियन, मानस्टाइन, मेलेनथिन यांच्या आठवणी इंग्रजीत आल्या आणि भरपूर खपल्या. या पुस्तकांचा सूर साधारण एकच होता. आम्ही कुशल होतो, हिटलरने घोटाळा केला, समोर अगणित रशियन होते, आणि जे अत्याचार झाले ते दुसऱ्यांनी केले. सोव्हिएत दफ्तरं बंद होती. म्हणून अमेरिकेतल्या वाचकाने आणि खेळाडूने पूर्व आघाडी बघितली ती जर्मन तंबूच्या दारातून. रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस या दोन इतिहासकारांनी २००८ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, आणि त्यात युद्धखेळांचाही हिशेब घेतला आहे.

आपल्याला ही गोष्ट अनोळखी वाटायला नको. मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास १८२६ साली ग्रँट डफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने लिहिला. त्याने मेहनत केली होती, पण त्याच्या खुर्चीतून दिसलं ते त्याने लिहिलं. त्याला उत्तर द्यायला राजवाड्यांना गावोगाव हिंडून जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करावे लागले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली आला. रशियाच्या बाबतीत तशी दफ्तरं १९९१ नंतर उघडायला लागली, आम्ही ते खोकं विकत घेतलं त्याच सुमाराला.

आणि नवे कागद फक्त एकाच बाजूचा फुगा फोडत नाहीत. जुलै १९४३ मधली कुर्स्कची लढाई घ्या. १२ जुलैला प्रोखोरोव्काच्या मैदानावर आपण शेकडो जर्मन रणगाडे मोडले, असं सोव्हिएत पुस्तकं सांगत आली. दोन्हीकडचे हिशेब समोर ठेवल्यावर दिसलं की त्या दिवशी सोव्हिएत रणगाड्यांचीच हानी कितीतरी अधिक झाली होती. कुर्स्कची एकूण मोहीम मात्र सोव्हिएत सैन्यानेच जिंकली. इतिहास असा दोन्ही बाजूंना कानपिचक्या देतो.

पटावरची नावं

आता ती न वाचलेली गोष्ट.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक आजी राहायच्या. सोव्हिएत युनियनमधून आलेलं ज्यू कुटुंब, बाल्टिमोरच्या वायव्य भागात अशी पुष्कळ कुटुंबं आहेत. त्या मूळच्या मिन्स्कजवळच्या एका गावातल्या. १९४१ च्या उन्हाळ्यात, नऊ वर्षांच्या असताना, आईबरोबर पूर्वेकडे निसटलेल्या. त्यांचं इंग्रजी आमच्यासारखंच, म्हणजे व्याकरण घरचं आणि शब्द इकडचे. एका संध्याकाळी त्या कोथिंबीर द्यायला आल्या होत्या. मुलाने त्यांना हौसेने बेसमेंटमध्ये नेलं, “आजी, बघा, हा तुमचा देश.”

आजींनी चष्मा लावला आणि पटावर वाकल्या. रणगाड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या गावांची नावं वाचत होत्या. मग त्यांनी विचारलं, “ही नावं कुणी ठेवली?”

मुलगा म्हणाला, “ती गावं आहेत.”

“अशी गावं नसतात,” आजी म्हणाल्या, आणि एकेका नावावर बोट ठेवून अर्थ सांगायला लागल्या. गोलोद म्हणजे भूक. बेदनोस्त म्हणजे गरिबी. ग्राब्योश म्हणजे लूट. उषास म्हणजे भयंकर भीती. आणि ते सगळ्यांत लांबलचक नाव, ज्याला आम्ही सर्वांत जास्त हसलो होतो, ओपुस्तोशेनिया, म्हणजे सगळं उजाड करून टाकणं.

मुलाने त्यांना विचारलं, “तुमच्या गावात पॅन्झर आले होते का?” आजी म्हणाल्या, “रणगाडा मी बघितलाच नाही. आमच्याकडे ट्रक आले होते.” एवढंच बोलून त्या वर आल्या, चहा घेतला आणि घरी गेल्या.

मी त्या रात्री बराच वेळ पटाकडे बघत बसलो. दोन वर्षं मी ‘गोलोद’मध्ये तोफा दडवत होतो, कारण गावाच्या घरात बचाव चांगला मिळतो. आपण मराठीत सोंगटीच्या जागेला ‘घर’ म्हणतो. त्या घरांमध्ये कुणी राहत असेल, हा विचार मला शिवला नव्हता. पण नावं ठेवणाऱ्याला शिवला होता. त्याने नियमपुस्तकात उपदेश केला नाही. एका शब्दात एक गाव याप्रमाणे त्याने पटावरच लिहून ठेवलं, ज्या भाषेत ते घडलं त्याच भाषेत. अमेरिकेतल्या किती पोरांनी त्या षटकोनांवरून रणगाडे नेले असतील आणि माझ्यासारखी न वाचता नेली असतील!

जे त्या शब्दांमागे आहे त्याला आकडेही आहेत. त्या युद्धात सोव्हिएत युनियनची साधारण २ कोटी ७० लाख माणसं गेली. त्यातली निम्म्याहून अधिक सैनिक नव्हती. आजींच्या बेलारूसमध्ये साधारण चार माणसांमागे एक गेला. तिथे सहाशेहून अधिक गावं रहिवाशांसकट जाळली गेली. त्यातलं एक खातिन. २२ मार्च १९४३ रोजी तिथे १४९ माणसं मारली गेली. आज तिथे स्मारक आहे. त्यात तीन बर्च झाडं आहेत आणि चौथ्याच्या जागी सतत जळणारी ज्योत आहे, चारातल्या गेलेल्या एकासाठी. त्या गावाचं युद्ध कुठल्याही रणगाड्याच्या आकड्यांत बसत नाही.

मग खेळायचं की नाही?

त्या रात्रीनंतर मी खोकं फेकलं का? नाही. आम्ही पुढेही खेळलो, आणि तुम्हीही खेळावं असं मला वाटतं. लढाईत सगळं कळून सवरून निर्णय होत नाहीत. टेकडीमागे काय आहे ते दिसत नाही, सहा मिनिटांत ठरवावं लागतं आणि मग फासा उलटा पडतो. इतिहासाच्या पुस्तकात जे अटळ वाटतं ते त्या क्षणी अटळ नव्हतं, हे पटावर बसल्याशिवाय पोटात उतरत नाही. पानिपतावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या प्रत्येक काकांना एकदा तरी असा पट मांडून द्यायला हवा.

पण पटावर जे असतं त्याच्याइतकंच, काय नाही हेही बघायला हवं. आणि इथे मला आपला दिवाळीतला किल्ला पुन्हा आठवतो. नीट आठवून बघा. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, दरवाजात तोफ. आणि खाली? खाली विहीर असते, विहिरीवर घागर घेतलेली बाई असते. भाजीवाली असते, गवळी असतो, बैलगाडी असते. हळिवाचं हिरवंगार शेत असतं. त्या खालच्या गावाशिवाय किल्ला पुरा झाला असं कुठल्याच मराठी मुलाला वाटत नाही. किल्ला कशासाठी आहे हे त्या भाजीवालीमुळे कळतं. आम्हाला कुणी हे तत्त्वज्ञान म्हणून शिकवलं नव्हतं. बाजारात मावळ्यांच्या टोपलीशेजारी भाजीवालीची टोपली असायची, म्हणून आम्ही दोन्ही घ्यायचो.

इथे जन्मलेल्या मुलांना आणखी एक सांगायचं आहे. पट समोर होता, नाव ठळक छापलेलं होतं, तरी आम्हाला ते वाचता आलं नाही, कारण भाषा येत नव्हती. शेजारच्या आजी कोथिंबीर द्यायला आल्या म्हणून कळलं. तुमच्या घरीही अशी काही नावं असतील. आजोबांच्या पत्रातलं एखादं गाव असेल, फोटोमागे लिहिलेला एखादा शब्द असेल. ते वाचून दाखवणारं माणूस घरात असेपर्यंत विचारून घ्या.

माझा मुलगा आता स्वतः बाबा झाला आहे. या वर्षी त्याची मुलगी आणि मी मिळून मागच्या डेकवर किल्ला करणार आहोत. गोणपाट मिळत नाही, जुन्या टॉवेलवर भागवतो. मावळे पुण्याहून येतात, भाजीवाली दरवेळी प्रवासात मोडते, आम्ही ती गोंदाने जोडतो.

आणि मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमाला मी ते खोकं घेऊन येणार आहे. फराळानंतर मागच्या टेबलावर मांडतो. कुणीही दोघं या. रशियन कोण होणार आणि जर्मन कोण, ते नाणं उडवून ठरवू. एकच अट आहे. पहिली चाल करण्याआधी पटावरची सगळी गावं मोठ्याने वाचायची, अर्थासकट. अर्थ मी पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवले आहेत.

शुभ दीपावली!